अर्ल ग्रे: लॉर्डसाहेबांचा चहा की भेसळवाल्यांचा?

पाचवा_कप

अर्ल ग्रेच्या डब्यामागची गोष्ट ठरलेली असते. ब्रिटनचे पंतप्रधान चार्ल्स ग्रे, म्हणजे दुसरे अर्ल ग्रे, यांनी (किंवा त्यांच्या कुणा माणसाने) चीनमध्ये एका मांदारिनाच्या, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मुलाला बुडताना वाचवलं आणि मांदारिनाने उपकाराची फेड म्हणून सुगंधी चहाची कृती दिली. गोष्ट झकास आहे. फक्त ग्रेसाहेबांनी जन्मात कधी चीनचं तोंड पाहिलं नव्हतं. शिवाय या चहाला ज्याचा वास असतो ते बर्गमॉट या लिंबूवर्गातल्या फळाचं तेल दक्षिण इटलीचं. चिनी लोक चहाला वास लावायचे तो मोगऱ्यासारख्या फुलांचा.

लंडनमध्ये या कृतीच्या दावेदार चहा कंपन्या दोन. जॅक्सन्स ऑफ पिकॅडिलीवाले सांगत की १८३० साली खुद्द ग्रेंनी कृती आमचे भागीदार जॉर्ज चार्लटन यांच्या हाती दिली. ट्वायनिंग्ज म्हणणार, पहिला मान आमचा. पुढे ट्वायनिंग्जने जॅक्सन्सच विकत घेतली आणि भांडण घरातल्या घरात मिटलं.

आता कागदोपत्री काय सापडतं ते बघा. चहाला बर्गमॉटचा वास देण्याचा उल्लेख १८२४ मध्ये मिळतो, पण तो हलक्या चहाची चव सुधारायची युक्ती म्हणून. १८३७ मध्ये ब्रॉक्सॉप आणि कंपनी नावाच्या व्यापाऱ्यांवर खटला झाला. आरोप असा की त्यांनी पुरवलेल्या चहाला इथेच, इंग्लंडात, बर्गमॉटचा कृत्रिम वास मारलेला आहे. १८५० च्या दशकात ‘ग्रेज मिक्श्चर’ नावाचा चहा दिसू लागतो आणि ‘अर्ल ग्रे’ हे बिरुद जाहिरातीत येतं थेट १८८० च्या दशकात, जर्मिन स्ट्रीटवरच्या चार्लटन आणि कंपनीच्या. ग्रे वारले १८४५ ला. म्हणजे साहेब हयात असताना हा वास आणि त्यांचं नाव एकत्र छापलेलं सापडत नाही.

माझं मत: आधी भेसळवाल्यांची युक्ती, मग तिला लॉर्डाचं नाव. पटत नसेल तर बोला. सुगंधाच्या धंद्यातलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

टाइनकाठी

न्यूकॅसलमध्ये राहतो, त्यामुळे ग्रेसाहेब रोज भेटतात. शहराच्या ऐन मध्यात १८३८ चा त्यांचा भलाथोरला खांब आहे, वर पुतळा. पुतळा घडवणारा एडवर्ड बेली, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातला नेल्सनही त्याचाच. १९४१ मध्ये वीज पडून ग्रेंचं डोकं खाली आलं, १९४७ मध्ये नवीन बसवलं. खांबावरच्या लेखात शांतता, स्वातंत्र्य, संसदेची सुधारणा सगळं आहे. चहाचा च नाही!

हॉविक हॉल हे त्यांच्या घराण्याचं घर, इथून उत्तरेला, समुद्राजवळ. बाग प्रेक्षणीय आहे आणि आत टीरूमही. तिथे जी गोष्ट सांगतात ती बुडत्या मुलाची नाही. हॉविकच्या पाण्यात चुना फार, म्हणून एका मांदारिनाने त्या पाण्याला साजेसा चहा जमवून दिला, त्यात बर्गमॉट. लेडी ग्रे तोच चहा लंडनमध्ये पाहुण्यांना द्यायच्या, पाहुण्यांनी मागणी केली, म्हणून ट्वायनिंग्जने विकायला काढला. घराण्याने नावाचा हक्क काही नोंदवला नाही आणि आजतागायत एक पैसा मिळालेला नाही, हेही तिथले लोक हसत हसत सांगतात.

बोअरवेल

चुन्याचं पाणी म्हटल्यावर कान टवकारले. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर आणि बोअरचं पाणी. कोरा चहा केला की वर तवंग धरतो, कपाच्या कडेला तपकिरी कडं बसतं, रंगही मेलेला. बर्गमॉटने हे खरंच सुधारतं का?

नाकपुडी

बोअरवेल, नाही सुधारत. तवंग येतो पाण्यातल्या कॅल्शियमचा आणि चहातल्या पॉलिफेनॉल या तुरट द्रव्यांचा संयोग होऊन. आम्लाने तो कमी होतो, म्हणून लिंबू पिळलं की चहा लख्ख दिसतो. पण अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉटचा रस नसतो, सालीचं तेल असतं. तेलात आम्ल नाही. चुन्याची चव वासाखाली झाकली जाईल, एवढंच. हॉविकच्या गोष्टीतलं रसायनशास्त्र तिथे लंगडं पडतं.

मुंबईत फ्लेवरच्या धंद्यात नोकरी करते, तेव्हा बर्गमॉटबद्दल चार गोष्टी लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

हे फळ लिंबू आणि आंबट संत्र्याचा संकर. दिसायला मोठ्या ईडलिंबासारखं, जरा नासपतीच्या अंगाचं, आधी हिरवं, पिकता पिकता पिवळं. गर कडू-आंबट, तसाच कुणी खात नाही. जगातलं बहुतेक पीक इटलीच्या टाचेला नव्हे, बुटाच्या अगदी चवड्याला, कालाब्रियात रेज्जोजवळच्या किनारपट्टीच्या चिंचोळ्या पट्ट्यात येतं. बाकी थोडं आयव्हरी कोस्टमध्ये, तुर्कस्तानात. काढणी नोव्हेंबर ते मार्च. सुरुवातीच्या हिरव्या फळांचं तेल तरतरीत आणि हिरव्या रंगाचं, शेवटच्या पिवळ्या फळांचं गोडसर. सुमारे २०० किलो फळांतून किलोभर तेल निघतं, यावरून भावाचा अंदाज घ्या. पूर्वी माणसं सालं हाताने स्पंजावर दाबत आणि स्पंज पिळून तेल काढत. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला याने त्यासाठी यंत्र काढलं. उष्णता मात्र आजही लावत नाहीत, साल दाबूनच तेल काढतात.

तेलात वासाची मुख्य द्रव्यं तीन: लिमोनीन, लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल. लिमोनीन सगळ्याच लिंबूवर्गात असतं. बर्गमॉटचं वेगळेपण उरलेल्या दोघांत. लिनालिल ॲसिटेट लॅव्हेंडरमध्ये भरपूर. आणि लिनालूल? आपल्या धण्यांचा वास म्हणजे मुख्यतः तेच. गंमत अशी की चांगल्या काळ्या चहाच्या पानात लिनालूल मुळातच असतं, दार्जिलिंगच्या वासात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणून बर्गमॉट चहात उपरं वाटत नाही. हलक्या पानात जे कमी असतं नेमकं तेच हे तेल भरून काढतं. पाचवा_कप यांचा भेसळीचा मुद्दा मला त्यामुळेच पटतो. त्या व्यापाऱ्यांना लिनालूल हे नाव माहीत नसेल, नाक मात्र होतं.

कुळथाचं_पिठलं

माहितीबद्दल धन्यवाद ताई, पण ‘भेसळ’ शब्द मला जड वाटतो. आपण वेलची, सुंठ, जायफळ घालतो ते काय सीटीसीची (यंत्राने चुरून दाणे केलेल्या चहाची) भुकटी फार उच्च दर्जाची असते म्हणून? हलक्या चहाला मसाल्याने वर काढणं ही भेसळ असेल तर अख्खी टपरी आत जाईल.

पाचवा_कप

टपरीवाला वेलची घालतो आणि ओरडून ‘वेलची चहा’ म्हणून विकतो. १८३७ चं दुखणं वासाचं नव्हतं, तो वास पानाचा स्वतःचा म्हणून विकण्याचं होतं. न सांगता मारलेला वास ही भेसळ, सांगून मारलेला हा चहाचा एक प्रकार. आज आपल्याकडेही पाकिटावर फ्लेवर्ड टी असं लिहून कोणता वास ते सांगावं लागतं. ब्रॉक्सॉपकडे आणि चार्लटनकडे एकच तेल असेल. एकाने लपवलं, दुसऱ्याने त्याला लॉर्डाचं नाव देऊन दर्शनी भागात मांडलं.

आणि तो काळ लक्षात घ्या. ग्रीन टी हिरवागार दिसावा म्हणून त्याला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्समची पूड चोपडत. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाने चीनमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात नमुने लोकांसमोर ठेवले. त्या मानाने बर्गमॉट म्हणजे साजूक पाप!

गोदीवाला

सगळे लॉर्डसाहेबांना चहापासून लांब नेताय, मी उलट बोलतो. ग्रेंचा चहाशी खरा आणि घट्ट संबंध आहे, फक्त तो डब्यावर छापण्यासारखा नाही.

ग्रे पंतप्रधान होते १८३० ते १८३४. १८३२ चा सुधारणा कायदा आणि १८३३ चा गुलामगिरी बंदीचा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच १८३३ मध्ये त्यांच्याच सरकारने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा कायदा केला. आपण शाळेत तो ‘बंगालचा गव्हर्नर जनरल भारताचा झाला’ म्हणून पाठ केला. त्यातलं दुसरं मोठं काम म्हणजे चीनच्या चहाच्या व्यापारावरची कंपनीची मक्तेदारी गेली. एप्रिल १८३४ पासून कोणीही चीनच्या कँटन बंदरातून चहा भरून लंडनला न्यावा. तोवर लंडनमध्ये कायदेशीर चहा म्हणजे कंपनीचा, लिलाव कंपनीच्या कचेरीत. त्यानंतर चहाचा बाजार मिन्सिंग लेनमध्ये बसला. आयात करणारे वाढले, माल बरा-वाईट सगळाच येऊ लागला. मक्तेदारी उठून तीनच वर्षांनी ब्रॉक्सॉपवर खटला, यातून प्रत्येकाने आपला अर्थ काढावा.

आता मुंबई. चीनला ब्रिटिशांचा माल फारसा नको असायचा, चांदी हवी असायची. ती चांदी उभी राहिली अफूवर. बंगालची अफू कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकायची, माळव्याची अफू आणि पश्चिम भारताचा कापूस मुंबईच्या बंदरातून कँटनला जायचा. तिथे मिळालेल्या चांदीतून चहा घेतला जायचा. या धंद्यातलं मुंबईचं सगळ्यात मोठं नाव सर जमशेटजी जीजीभॉय. १८०५ मध्ये ते ज्या ब्रन्सविक जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडलं, त्याच जहाजावर त्यांची विल्यम जार्डिनशी ओळख झाली आणि पुढे दोघांनी मिळून अफाट व्यापार केला. मक्तेदारी उठल्याचा फायदा घेणाऱ्यांत जार्डिनची कंपनी पहिल्या रांगेत. जे.जे. हॉस्पिटलच्या समोरून जाताना तो पैसाही आठवावा.

टाइनकाठी

गोदीवाला, जबरी. हे इथल्या खांबावर कोरायला पाहिजे.

माईची_नात

नाकपुडीताईंचा प्रतिसाद वाचून एक कोडं सुटलं. मी पहिल्यांदा अर्ल ग्रे प्यायले तेव्हा मला ताप आल्यासारखं वाटलं. खरंच! आमच्या घरी ताप चढला की माई कोलनवॉटर काढायची. पितळी वाटीत गार पाणी, त्यात कोलनवॉटरचे चार थेंब, जुन्या धोतराच्या घडीची पट्टी, ती पिळून कपाळावर. गरम झाली की उलटायची. कपातून नेमका तोच वास आला आणि मी कप खाली ठेवला. मैत्रीण म्हणाली, साबणासारखा लागतो ना? मी म्हटलं, साबण नाही गं, टायफॉइड.

नाकपुडी

माईची_नात, तुमचं नाक शंभर नंबरी आहे. योहान मारिया फारिना या मूळच्या इटालियन अत्तरवाल्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात धंदा केला आणि त्या गावाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाण्याचा जीव म्हणजे बर्गमॉट. त्यानंतर अत्तरं, शेव्हिंग लोशन, साबण, सगळीकडे ते गेलं. म्हणजे चहात पोचायच्या शंभर वर्षं आधीपासून युरोपला हा वास अंगाला लावायचा म्हणून ठाऊक होता. साबणासारखं लागतं ही तक्रार त्यामुळे जगभर आहे, आणि तेल जास्त झालं किंवा शिळं झालं तर रास्तही आहे. लिमोनीन हवेने बिघडतं, मग टर्पेंटाइनची आठवण येते. दुकानात वर्ष काढलेला डबा घेऊ नका, घरीही घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या चहापासून दूर. चहा वास ओढून घेतो. एका फळीवर ठेवलंत तर आठवड्याभरात सकाळचा चहाही लॉर्ड होईल.

गवतीपात

प्रश्न दोन. एक, यात पान कुठलं वापरतात? दोन, दूध घातलं तर नासेल का? लिंबाच्या भीतीने विचारतोय.

अवांतर: लिंबाच्या वासाचा काळा चहा म्हणून एवढा उदोउदो चाललाय, आमच्या परसात गवती चहाचं बेट आहे, त्याचं काय?

नाकपुडी

दूध नासणार नाही. वर लिहिलंय ते कारण: तेल आहे, रस नाही. रस आंबट, तेल नुसतं वासाचं. लिंबाची फोड मात्र दुधाबरोबर टाकू नका. व्हँकुव्हरकडे तर अर्ल ग्रेमध्ये गरम फेसाळ दूध आणि व्हॅनिला घालून ‘लंडन फॉग’ पितात.

गवती चहाला कमी लेखायचं कारणच नाही. त्याचा वास सिट्राल या द्रव्याचा, लिंबाच्या सालीच्या जास्त जवळचा. बर्गमॉटमध्ये फुलांची छटा येते ती गवती चहात नाही. पण उकळत्या, दुधाच्या, आल्याच्या चहात गवती चहा टिकतो, तिथे बर्गमॉट उडून जाईल.

पाचवा_कप

पानाचं मी सांगतो. जुन्या घराण्याचा म्हणून आज कीमन वापरल्याची जाहिरात करतात. कीमन उत्तम जातो यात वाद नाही, अंगचाच किंचित धुरकट-गोडसर असतो. पण चीनच्या कीमन भागात काळा चहा सुरू झाला १८७५ च्या आसपास, तेव्हा ग्रेंना जाऊन तीस वर्षं झाली होती. १८३० च्या लंडनमध्ये मिळणारा काळा चहा म्हणजे बोही, काँगू, सुचाँग ही चिनी मंडळी. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये जानेवारी १८३९ चा, आणि आल्या होत्या फक्त आठ पेट्या. सिलोनमध्ये जेम्स टेलरने चहा लावला १८६७ ला. आता सर्रास सिलोन, केनिया, निलगिरी असं काहीही असतं. माझी पसंती निलगिरीला: चहा हलका, स्वच्छ, त्यामुळे तेल पुढे येतं. आसाम फार दणकट पडतो.

निळ्या पाकळ्या दिसतात त्या कॉर्नफ्लॉवरच्या. त्यांना चव ना वास, डोळ्यांना बरं वाटावं एवढाच उपयोग. ‘लेडी ग्रे’ नावाचा प्रकार ट्वायनिंग्जने १९९० च्या दशकात काढला, त्यात संत्र्या-लिंबाची साल आणि बर्गमॉट बेताचं. ते नाव मात्र त्यांनी रीतसर नोंदवून ठेवलं. घराण्याची चूक दुकानदाराने केली नाही!

गोळ्या_औषधे

फार पिणाऱ्यांसाठी एक नोंद. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका ४४ वर्षांच्या ऑस्ट्रियन गृहस्थाची केस आली होती. दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे प्यायचा आणि स्नायूंत पेटके यायचे. अर्ल ग्रे सोडून साध्या काळ्या चहावर आल्यावर त्रास गेला. संशय बर्गमॉटच्या तेलातल्या बर्गाप्टेन या द्रव्यावर, ते पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा अडवतं. दोन-चार कप पिणाऱ्याने घाबरू नये.

हेच बर्गाप्टेन कातडीवर लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात. पूर्वी अत्तर लावणाऱ्या बायकांच्या मानेवर ओघळासारखे डाग दिसत ते यामुळेच. म्हणून सौंदर्यप्रसाधनांत आता ते काढून टाकलेलं तेल वापरतात. आपल्याकडे कोडावर बावची लावून ऊन देतात, त्या बावचीतलं सोरालेन याच कुळातलं.

कुळथाचं_पिठलं

चार लिटर?? त्याला पाणी प्यायला कोणी शिकवलं नव्हतं का.

बोअरवेल

वास किती असावा यावरून भांडणं होत असतील ना? मी एका कंपनीचा आणला तो उघडताच शिंका आल्या. दुसऱ्यात वास हुडकावा लागला.

टाइनकाठी

होतात तर! २०११ मध्ये ट्वायनिंग्जने आपल्या अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट वाढवून वर लिंबाचीही छटा दिली. इथे लोक असे खवळले की जुना चहा परत द्या म्हणून फेसबुकवर मोहीम निघाली. शेवटी कंपनीने जुन्या कृतीचा चहा ‘क्लासिक एडिशन’ म्हणून पुन्हा विकायला ठेवला.

गवतीपात

घरी करायचा असेल तर? लिंबाची साल वाळवून चहात ठेवली तर चालेल का? बर्गमॉट काही आपल्या मंडईत येत नाही.

नाकपुडी

साल टाकून लिंबाचा चहा होईल, अर्ल ग्रे नाही, वर सांगितलेलं लिनालिल ॲसिटेट कागदी लिंबात नाही. कारखान्यात सुकं पान फिरत्या पिंपात घालून तेल फवारतात आणि मुरायला ठेवतात. घरी करायचं तर खाण्यासाठीचं म्हणून स्पष्ट लिहिलेलंच तेल घ्या. अरोमाथेरपीच्या बाटलीतलं अजिबात नको. पाव किलो निलगिरीच्या अख्ख्या पानाला, सीटीसी नव्हे, अगदी मोजके थेंब पुरतात. तेल थेट पानावर न टाकता टिपकागदाच्या तुकड्यावर घ्या, तो बरणीच्या झाकणाला आतून चिकटवा, चार-पाच दिवस बरणी अधूनमधून हलवत राहा. वास कमी वाटला तर एक थेंब वाढवता येतो, जास्त झाला तर साधं पान मिसळण्याशिवाय इलाज नाही.

करताना पाणी उकळून उतरवा, मग पान टाका, तीन मिनिटं झाकून ठेवा. पानासकट उकळू नका, तेल वाफेबरोबर जातं आणि स्वयंपाकघराला वास येतो, कपाला नाही. बोअरवेल, तुम्ही फिल्टरचं पाणी घ्या.

माईची_नात

ताई, टिपकागदाची युक्ती करून बघते. धण्याचा वास शोधत प्यायले तर कदाचित ताप उतरेल.